आतलं पिवळं

"चौऱ्याऐंशी!" धन्यकुमार मगदूम दिवाणखान्यातून ओरडले. "अगं, ऐकलंस का? चौऱ्याऐंशी!"

"ऐकलं. गल्लीनंसुद्धा ऐकलं," त्रिशलाबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या. हातातला दोडका त्यांनी गरजेपेक्षा जरा जोरातच चिरला. रोज सकाळी सातला हाच तमाशा चालायचा. भिंतीवरच्या वहीएवढ्या पांढऱ्या यंत्रावर नवरा उजवा तळहात टेकवायचा, यंत्र दोनदा 'टिंग' करायचं, आणि मग आकडा घरभर फिरायचा. नंतर तो आकडा फोनवरून मार्केट यार्डातल्या जुन्या मित्रांकडे, तिथून मंदिरात, आणि दुपारपर्यंत परत त्रिशलाबाईंच्याच कानांवर यायचा. "वहिनी, काय खायला घालता हो?"

काय खायला घालणार! दोडका, दुधी, मुगाची डाळ, आणि डोक्याला ताप.

यंत्राचं नाव वर्णिका. आकड्याचं नाव रंगांक. गेल्या चार वर्षांत सांगलीत या दोन शब्दांनी नुसता उच्छाद मांडला होता. आरोग्य विमा घेतला की यंत्र घरात फुकट लागायचं. लग्नाच्या बोलण्यात मुलाचा रंगांक विचारायचे. साठ वर्षांची शहाणीसुरती माणसं भाजीवाल्याशी पपईच्या फोडीवरून भांडायची.

मुळात त्यामागचं शास्त्र साधं आणि खरं होतं. पपई, आंबा, भोपळा, गाजर यांना पिवळा-केशरी रंग देणारी द्रव्यं म्हणजे कॅरोटिनॉइड. पालेभाज्यांतही ती भरपूर असतात, फक्त हिरव्याखाली झाकलेली. माणसाच्या शरीराला ती तयार करता येत नाहीत. जेवढी खाल तेवढीच मिळतात, रक्तात फिरतात आणि थोडी थोडी कातडीत साठतात. ही द्रव्यं निळा प्रकाश पितात. म्हणून तळहात काचेवर दाबून त्यातलं रक्त बाजूला सारायचं, निळा प्रकाश सोडायचा आणि किती परत आला ते मोजायचं. कमी परत आला तर कॅरोटिनॉइड जास्त, म्हणजे रंगांक जास्त.

ज्यांच्या रक्तात ही द्रव्यं जास्त, त्यांच्यात काही कर्करोग कमी दिसतात, हेही अभ्यासकांनी पूर्वीच नोंदवलं होतं. पण ती किमया त्या द्रव्यांची, की भाज्या खाणारा माणूस एकूणच जपून राहतो त्याची, याचा निकाल कधीच लागला नव्हता. उलट, फार वर्षांपूर्वी सिगारेट ओढणाऱ्यांना बीटा-कॅरोटीनच्या गोळ्या देऊन पाहिल्या, तेव्हा त्यांच्यात फुप्फुसाचा कर्करोग कमी व्हायच्या ऐवजी वाढला. म्हणजे ताटातली भाजी वेगळी आणि बाटलीतली गोळी वेगळी. पण आकड्याला हे कोण सांगणार?

त्रिशलाबाईंच्या जिवाला घोर लागला होता तो नेमका याच गोष्टीचा.

मगदूमांचं घर जैन. कंदमूळ वर्ज्य, म्हणून गाजर, रताळं घरात येतच नाही. चातुर्मास लागला की पालेभाजीही बंद. आंबे कधीच संपलेले. पपई धन्यकुमारांना ओकारी येईपर्यंत नावडती. गेल्या वर्षी चातुर्मासात त्यांचा रंगांक बावन्नावरून अडतीसवर घसरला होता, आणि त्या दुःखात ते आठवडाभर कुणाशी धड बोलले नव्हते. यंदाही पालेभाजी बंद होऊन दोन महिने झाले. रंगांक मात्र एक्कावन्नवरून चौऱ्याऐंशी!

याचा अर्थ एकच. हा माणूस चोरून गोळ्या खात होता. आणि यानं ऐन उमेदीत पंचवीस वर्षं, हळदीच्या वखारीमागे उभं राहून, घरच्यांपासून लपवून सिगारेट ओढलेली होती.

"गोळ्या कुठं ठेवल्यात?" त्यांनी चहाचा कप आपटत विचारलं.

"कसल्या गोळ्या?"

"मला बनवू नका. कपाट बघितलं, स्कूटरची डिकी बघितली, तुमच्या हळदीच्या नमुन्याच्या बरण्या उपड्या केल्या. कुठं लपवल्यात?"

"बरण्या उपड्या केल्यास? अगं, त्यात राजापुरी वेगळी, सेलम वेगळी! चाळीस वर्षांचे नमुने हायत ते!"

"चुलीत घाला ते नमुने. गोळ्या कुठं?"

धन्यकुमारांनी चष्मा सावरला. उन्हात आपोआप काळी होणारी त्यांची ती काच खिडकीजवळ बसल्यामुळे आताही तपकिरी झाली होती. ते गंभीरपणे म्हणाले, "त्रिशला, शांतिनाथांची शपथ घेऊन सांगतो. एक गोळी खाल्ली नाही. ही नुसती पर्युषणाची पुण्याई हाय बघ. दहा दिवस एकवेळ जेवलो. वजन सहा किलो उतरलं. शरीर कसं शुद्ध झालंय!"

"शुद्ध झालंय म्हणे. मग रात्रभर खाजवत का असता?"

"ते हवेनं."

त्रिशलाबाईंचं समाधान होईना. नवऱ्याला त्या सदतीस वर्षं ओळखत होत्या. चातुर्मासात तो खोटं बोलणार नाही. दिवाळीनंतर बोलेल, पण आत्ता नाही. मग आता राग तरी कुणावर काढायचा?

त्यांनी पुण्याला मुलाला फोन लावला. अभिनंदन त्याच कंपनीत होता जी वर्णिका बनवायची, आणि नुसता नोकरीला नव्हता, यंत्राच्या गणितात त्याचा हात होता. त्यामुळे त्याच्यापुढे वर्णिकेला नाव ठेवणं म्हणजे सुनेपुढे तिच्या माहेराला नाव ठेवण्यासारखं होतं.

"आई, अण्णांच्या हातांची हळद आकडा तर नाही ना चुकवत, असं तुला वाटत असेल," तो हसत म्हणाला. "पण सांगलीकरांच्या हातांची मला कल्पना होती. यार्डातल्या निम्म्या लोकांचे तळवे जन्माचे पिवळे. हळदीवर जांभळा प्रकाश टाकला की ती चमकते. कॅरोटीन तसं चमकत नाही. जेवढी चमक तेवढी हळद, ती वजा. ती दुरुस्ती मी स्वतः लिहिलीये. आकडा शंभर टक्के आतला आहे."

"आतला आहे, पण आला कुठून? मी घातलंच नाही पोटात!"

"काहीतरी खात असतील गं बाहेर."

"तुझे अण्णा सूर्यास्तानंतर पाणीसुद्धा पीत नाहीत, आणि बाहेर काय खातील, कपाळ?"

"मग आनंद मान ना! लोक मरतात या आकड्यासाठी."

त्रिशलाबाईंनी फोन ठेवला. आईचं बोलणं मुलाला कळत नाही आणि मुलाचं यंत्र आईला पटत नाही, हे दुखणं तसं जुनंच होतं. त्या हात धुवायला उठल्या, नळ सोडला, आणि तशाच उभ्या राहिल्या.

त्यांची सगळी नोकरी पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेत गेली होती. सुरुवातीच्या काळात पाण्यातलं क्लोरीन तपासायची पद्धत सोपी होती. परीक्षानळीत पाणी घ्यायचं, औषधाचे थेंब टाकायचे, पिवळं झालं की क्लोरीन आहे. एकदा एका विंधनविहिरीचं पाणी आलं. थेंब टाकले, छान पिवळं झालं. साहेबांनी 'क्लोरीन पुरेसे' असा शेरा मारला. नवीन लागलेल्या त्रिशलानं घाबरत विचारलं होतं, "पण सर, या विहिरीत अजून क्लोरीन टाकलंच नाहीये. टाकलंच नाही तर आलं कुठून?" शोधल्यावर कळलं, पाण्यात मँगनीज होतं. मँगनीज असलं तरी तेच औषध पिवळं होतं. नळीचं काहीच चुकलं नव्हतं. तिला पिवळं दिसलं, तिनं पिवळं सांगितलं.

त्यांनी नळ बंद केला.

"अहो, इकडं या. गॅलरीत या."

"आता आणि काय?"

"चष्मा काढा."

"अगं, ऊन हाय—"

"काढा म्हणते ना!"

धन्यकुमारांनी कुरकुरत चष्मा काढला. त्रिशलाबाईंनी त्यांची हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं आणि अंगठ्यानं खालची पापणी ओढली. डोळ्याचा पांढरा भाग पांढरा नव्हता. लिंबाच्या सालीइतका पिवळा होता.

कितीही पपई खाल्ली, तळहात केशरी झाले, तरी डोळ्यांचा पांढरा भाग रंगत नाही. डोळे पिवळे करते ती कावीळ, हे शेंबडं पोरसुद्धा सांगेल. आणि या घरात दोन महिने कुणाला दिसलं नव्हतं. तळहात हळदीनं आधीच पिवळे, डोळ्यांवर तपकिरी काच, वजन उतरलं ते उपासानं, लघवी गडद झाली ती रात्री पाणी पीत नाहीत म्हणून. एकेक लक्षणाला घरात आधीपासून एकेक सबब तयार होती. त्रिशलाबाईंना नवऱ्याचा, यंत्राचा आणि सगळ्यांत जास्त स्वतःचा असा संताप आला की डोळ्यांत पाणी उभं राहिलं.

"काय झालं?" धन्यकुमार घाबरले.

"कपडे बदला. मुजावर डॉक्टरांकडे जायचंय."

मिरजेच्या डॉक्टर नसीमा मुजावर वीस वर्षांपासून मगदूमांचं घर सांभाळत होत्या. त्यांनी डोळे पाहिले, पोट चाचपलं, रक्त काढलं, तिथेच सोनोग्राफी केली. तासाभरात निकाल पुढ्यात होता. रक्तात बिलिरुबिन, म्हणजे पित्तातलं पिवळं द्रव्य, अकरा. असायला हवं एकाच्या आत.

"वहिनी, पित्ताची नळी खाली कुठंतरी अडलीये," डॉक्टर म्हणाल्या. "पित्त आतड्यात उतरायचं ते रक्तात चढतंय, म्हणून खाज. पोटात दुखत नाहीये, हे मला आवडलेलं नाही. खडा असता तर बहुधा दुखलं असतं. नळीच्या तोंडाशी गाठ असू शकते. आणि तसं असेल तर ती आत्ताच काढायला हवी. आतून दुर्बीण घालून बघू. मी लगेच तारीख मागते."

तारीख आता डॉक्टर ठरवत नव्हते. विम्याची मध्यवर्ती यंत्रणा ठरवायची. डॉक्टरांनी दवाखान्यातल्या वर्णिकेवर धन्यकुमारांचा हात टेकवून मागणी भरली. पडद्यावर उत्तर उमटलं: 'रंगांक सत्त्याऐंशी, उत्कृष्ट गट. कर्करोगाची शक्यता अल्प. तातडी श्रेणी चार. तारीख १९ डिसेंबर.'

"डिसेंबर?" त्रिशलाबाई उभ्याच राहिल्या. "आज सप्टेंबरची बावीस आहे!"

"मी हरकत नोंदवलीये. पण हरकतीचं उत्तरही तेच यंत्र देतं," डॉक्टर वैतागून म्हणाल्या. "तुम्ही ग्राहक म्हणून बोलून बघा."

त्रिशलाबाईंनी बोलून बघितलं. पलीकडून एक मधाळ आवाज आला. माणसाचा नव्हता.

"माझ्या नवऱ्याला कावीळ झालीये. तपासणी ताबडतोब हवी."

"आपल्या पतीचा रंगांक सत्त्याऐंशी आहे. ही आनंदाची बाब आहे."

"अहो बाई, ते पिवळं काविळीचंच आहे!"

"पिवळी फळे आणि भाज्या आहारात अशाच चालू ठेवाव्यात."

"रक्तात बिलिरुबिन अकरा आलंय!"

"नोंद घेतली आहे. उत्कृष्ट गटातील सदस्यांमध्ये पित्तनलिकेच्या कर्करोगाची शक्यता अल्प असते. आपणास आणखी काही मदत हवी आहे का?"

"हो. तुझ्या थोबाडीत कुठं मारायची ते सांग," त्रिशलाबाई म्हणाल्या. आयुष्यात पहिल्यांदा त्या कुणाशी असं बोलल्या होत्या. पलीकडचा आवाज 'धन्यवाद' म्हणाला.

मग त्यांनी परत मुलाला फोन लावला. या वेळी चिडल्या नाहीत, ओरडल्याही नाहीत. प्रयोगशाळेत नवीन मुलांना विचारायच्या तसं विचारलं.

"बिलिरुबिन कुठला प्रकाश पितं?"

"आई, कशाबद्दल—"

"कुठला?"

"निळा."

"आणि तुझं कॅरोटीन?"

"निळाच," अभिनंदन म्हणाला.

"वरची हळद वजा केलीस. आतलं पिवळं कोण वजा करणार होतं?"

"पहिल्या नमुन्यात दुसरा दिवा होता, आई. दोन्ही वेगळे ओळखायला. घरगुती यंत्र लहान करायचं म्हणून तो काढला. कावीळ झालेला माणूस दवाखान्यात जातो, तो कशाला यंत्रावर हात ठेवेल, असं आम्ही... असं मी बैठकीत म्हणालो होतो." मग त्यानं विचारलं, "अण्णा कसे आहेत?"

"बाहेर बसलेत. आकडा सत्त्याऐंशी झाला म्हणून खूश आहेत."

अभिनंदन दुपारच्या गाडीनं निघाला. वाटेत त्यानं वरिष्ठांना कळवलं. वरिष्ठ म्हणाले, समिती नेमू, अहवाल येऊ दे, तोवर लेखी काही देऊ नकोस. तारीख अलीकडे आणायची तर त्याच्या हातात एकच मार्ग होता. अण्णांची रंगांकाची सगळी नोंद बाद करायची, आणि बाद करण्याचं कारण यंत्रणेतल्या चौकटीत लिहायचं. एकदा लिहिलं की ते कायमचं, लिहिणाऱ्याच्या नावासकट. कराडच्या पुढं गाडीतच त्यानं लिहिलं: 'यंत्राची चूक. बिलिरुबिन कॅरोटिनॉइड म्हणून मोजले जाते. अभिनंदन धन्यकुमार मगदूम.' आणि पाठवून दिलं.

रंगांक पुसला जाताच यंत्रणेला धन्यकुमारांची कावीळ दिसायला लागली. तातडी श्रेणी एक. तारीख परवाची.

दुर्बिणीत गाठ दिसली. पित्तनळी आतड्यात उघडते त्या तोंडाशी, हरभऱ्याच्या डाळीएवढी. डॉक्टरांनी तुकडा तपासायला घेतला आणि अडलेलं पित्त वाहायला नळीत बारीक पोकळ नळी बसवली. तुकड्याचा निकाल वाईटच आला. पण मुजावर डॉक्टरांनी त्रिशलाबाईंचा हात धरून सांगितलं, "आहे तो कर्करोगच. पण लहान आहे, पसरलेला नाही, पूर्ण काढता येईल असं सर्जन म्हणतायत. काविळीनंच चुगली केली म्हणायची. डिसेंबरात आला असतात तर मी असं बोलू शकले नसते." शस्त्रक्रिया गुरुवारी ठरली.

धन्यकुमार मात्र वेगळ्याच दुःखात होते. इस्पितळाच्या भिंतीवरही एक वर्णिका होती, आणि त्यांनी जाता-येता हात टेकवला होता.

"एकसष्ट!" ते खाटेवर बसून म्हणाले. "पाच दिवसांत सव्वीसनं उतरला. यार्डात काय तोंड दाखवू?"

"पित्त उतरतंय तुमचं. उतरलाच पाहिजे," त्रिशलाबाई म्हणाल्या. "अजून उतरू दे. तिसावर येऊ दे. मी पेढे वाटीन."

"तू जैनाची बायको की दुश्मन?"

"दोन्ही. उठा, गोळी घ्या. ही घ्यायचीच आहे."

ते हसले, आणि हसता हसता त्यांनी बायकोचा हात धरून ठेवला. गुरुवारची भीती त्यांनाही होती. त्रिशलाबाईंनी हात सोडवून घेतला नाही.

तेवढ्यात अभिनंदन दारात आला आणि त्यानं आईला खुणेनं व्हरांड्यात बोलावलं. त्याच्या फोनवर एक निमंत्रणपत्रिका होती. रविवारी सांगलीत रंगांक गौरव सोहळा. जिल्ह्यातले पहिले शंभर मानकरी, प्रत्येकाला शाल आणि श्रीफळ. धन्यकुमार मगदूम, क्रमांक बारा. यादी नोंद बाद होण्याआधीची होती.

त्रिशलाबाईंनी यादी वरपासून खालपर्यंत वाचली. "यातले अण्णांसारखे किती असतील?"

"सांगता येत नाही. बहुतेक जण खरोखर भाजी-फळं खाणारे असणार. पण या आकड्यांच्या टोकाला..." तो थांबला. "असतील, आई. काही असतील."

"मग असं कर. दोन-तीन महिन्यांत ज्यांचा आकडा एकदम चढला, ते वेगळे काढ. पहिल्यापासून वर आहेत ते सोडून दे."

त्यानं तिथेच भिंतीला टेकून बाकीची नावं गाळली. सात उरली.

"कंपनी म्हणतेय, समितीशिवाय कुणाशी बोलायचं नाही," तो म्हणाला. "मी बोललो तर नोकरी गेली म्हणून समज."

जा म्हणायला त्रिशलाबाईंची जीभ उचलेना, आणि थांब म्हणायचा त्यांना अधिकार वाटेना. अभिनंदननं त्या सात नावांवरून एकदा नजर फिरवली. मग त्यानं पहिला नंबर लावला आणि आईला ऐकू जावं म्हणून फोन मधे धरला. कवठेमहांकाळकडचे कुणी रावसाहेब शेंडगे. रंगांक एक्क्याण्णव, जिल्ह्यात चौथे.

"नमस्कार," तो म्हणाला, "मी अभिनंदन—"

"आभारी हाय, आभारी हाय!" पलीकडून खणखणीत आवाज आला. "सकाळधरनं हा पंधरावा फोन अभिनंदनाचा! सगळी तुमची कृपा साहेब. रविवारी येतोय शाल घ्यायला. आख्खं गाव येणार हाय बघा!"

अभिनंदननं आईकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली, बोल म्हणून.

"काका, शालीचं राहू दे. तुमच्याजवळ घरातलं कुणी आहे का?"

"हाय की, मंडळी हायत."

"उजेडात या, आणि त्यांना तुमच्या डोळ्यांचा पांढरा भाग नीट बघायला सांगा. मी फोन चालू ठेवतो."

"अगं ए, इकडं ये! साहेब डोळं बघ म्हणालेत!" खुर्ची सरकली. कुठंतरी कोंबडी ओरडली. दार उघडल्याचा आवाज आला.

मग फोनवर एक बाई आली. आवाजात कौतुक मावत नव्हतं.

"साहेब, डोळं बी पिवळंजर्द झाल्यात," ती म्हणाली. "लई चांगलं असतं न्हवं ते?"